रेखानं दार धरलं होतं

अन्याय रेखा आहेरवर झाला. कधी झाला तेही लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी "असं काही आठवत नाही बुवा" म्हणायला नको. मे महिन्यातला शेवटचा रविवार. भर दुपार, वीज जायच्या थोडं आधी. ठिकाण नाशिक, इंदिरानगर, एका शॉपिंग सेंटरच्या तळघरातला सायबर कॅफे. अन्याय करणारा एकटादुकटा नव्हता. खुर्च्यांवर बसलेले, खुर्च्यांच्या पाठीला लोंबकळलेले, जिन्यात उभे राहून माना लांब करणारे, सगळे त्यात सामील होते. छताला टांगलेली एक पितळी घंटाही होती.

आज हे वर यायचं कारण साधं आहे. मे पुन्हा आला. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात आलं. आमच्या घरामागच्या मंगल कार्यालयात बँडवाले सकाळपासून तीच दोन गाणी आलटून पालटून वाजवतायत. आणि काल दाराच्या फटीतून एक पत्रक आत सरकलं. पत्रकं लिहिणं आणि वाटणं हेच माझं काम, त्यामुळे दुसऱ्याचं पत्रक हातात आलं की मी आधी त्यातल्या चुका शोधते. यात चूक सापडली नाही. कागद गुलाबी, मथळा ठसठशीत, मजकूर थोडका. सुट्टीनिमित्त भव्य गेमिंग स्पर्धा, चौघांचा एक संघ, येत्या रविवारी. खाली जाड ठशात: 'शेवटची गोळी ज्याची, घंटा त्याची!'

म्हणजे घंटा अजून आहे.

मी पत्रक फाडलं नाही. पालथं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले.

साल दोन हजार सहा. द्राक्षं संपून गेलेली, हातगाड्यांवर आंबे चढलेले. पांडवलेण्याचा डोंगर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा दिसायचा. डांबर चपलेला चिकटायचं. दुपारी पंखा हळू व्हायचा, थांबायचा, आणि साऱ्या इमारतीतून, बाल्कन्यांतून, दुकानांतून एकच शब्द उठायचा: "गेली!" वीज गेली की शहराचे बाकीचे आवाज बसायचे आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू मोठे व्हायचे. तो चरक हातानं फिरायचा, त्याला विजेचं सोयरसुतक नव्हतं. संध्याकाळी वराती निघायच्या. घरांत अंधार आणि नवरदेवाच्या घोड्याभोवती ट्यूबलाइटी, मागे जनरेटरची गाडी भकभक धूर सोडत. लग्नसराईचा तो वास माझ्या डोक्यात मोगरा आणि डिझेल असा एकत्रच बसलेला आहे.

परीक्षा झाल्या होत्या, निकाल लागले नव्हते. अशा वेळी माणसाला तळघर आवडतं. जिना उतरलं की अंगाला गारवा लागायचा. फरशी ओली, कोपऱ्यात माठ, आणि हवेत तापलेल्या वायरींचा वास. मशीनं मळकट पांढरी. माऊसच्या पोटात तेव्हा रबरी गोळी असायची आणि तिच्यावर मळ बसला की नेम चुकायचा. आमचा पप्पू दर डावाआधी ती गोळी काढून शर्टाला पुसायचा, चेंडू टाकणारा गोलंदाज पुसतो तशी. पप्पू आणि समीर हे दोघे आमच्याच गल्लीतले. समीरचे वडील सातपूरला कारखान्यात होते. पप्पूचे वडील काय करायचे ते मला आजही नीट माहीत नाही, पप्पू खाण्याव्यतिरिक्त काही बोलायचा नाही.

कॅफे नंदूशेठचा. नंदूशेठ तिशीचा, माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या वडिलांचं भांडी बाजारात जुनं दुकान. तिथे सकाळची बोहनी झाली की घंटा वाजवायची रीत होती. ज्या नोकरानं गिऱ्हाईक पटवलं, त्यानं वाजवायची. माळ्यावर चढून हंडे-कळश्या उतरवणारा, त्या फडक्यानं लख्ख करणारा नोकर घंटा ऐकायचा. नंदूशेठनं कॅफे काढला तेव्हा दुकानातून ती पितळी घंटा आणली आणि घंटेबरोबर रीतही आणली. ज्याच्या शेवटच्या गोळीनं टार्गेट पडेल, त्यानं उठायचं आणि दोरी ओढायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. वर शेठकडून एक कुल्फी.

आता खेळ सांगते. खेळ कळल्याशिवाय अन्याय कळायचा नाही.

चार मशीनं, चार खेळाडू, चौघे एकाच बाजूचे. एकमेकांशी स्पर्धा नाही. पडद्यावर एक मोठी कोठी आणि तिच्यात एक माणूस. डाव सुरू होताना त्याचा फोटो दिसायचा: पांढरा कोट, बारीक मिशी. तो माणूस पाडायचा, एवढीच कामगिरी. त्याच्याभोवती पहारेकरी. जोवर आपली चाहूल लागत नाही, तोवर तो आपल्या ठरलेल्या वाटेनं फिरत राहायचा. गच्ची, जिना, दिवाणखाना, पुन्हा गच्ची. पण एक गोळी ऐकू गेली किंवा पहारेकऱ्यानं कुणाला पाहिलं, की त्याची चाल बदलायची. मग तो सरळ मागच्या दाराकडे धावायचा. दाराबाहेर अंगणात काळी गाडी उभी. गाडी फाटकातून बाहेर पडली की डाव हरला. पहारेकऱ्यांचा ढीग पाडलेला असो, चौघेच्या चौघे धडधाकट असोत, चारी पडद्यांवर लाल अक्षरं.

आणि उलट तो पडला, तर चौघे जिंकले. गोळी कुणाचीही असो. आपल्यातला कुणी आधीच मरून पडला असेल तरी त्याच्या पडद्यावरसुद्धा तीच ओळ यायची, त्याच हिरव्या रंगात: कामगिरी फत्ते. बाजूला एक कळ दाबली की कुणी किती पहारेकरी मारले त्याचा तक्ता दिसायचा, पण त्या तक्त्याचा हारजितीशी काडीचा संबंध नव्हता. शौकापुरता तो.

म्हणून अशा डावात कामं वाटून घ्यावी लागतात. एकानं उंचावरून डोळा ठेवायचा, टार्गेट कुठे आहे ते सांगत राहायचं. एकानं पहारेकऱ्यांना भलतीकडे गुंतवायचं. एकानं पळायची वाट बंद करायची. आणि मग एकानं गोळी मारायची, जे या सगळ्यात सोपं असतं, कारण तोवर टार्गेटला जायला जागाच उरलेली नसते. ज्यानं खेळ बनवला त्याला हे कळत होतं, म्हणून त्यानं जिंकण्याची ओळ चारी पडद्यांवर ठेवली. घंटा त्याच्या खेळात नव्हतीच. ती आमची.

रेखा नांदगावची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत इंदिरानगरला मावशीकडे आली होती, कॅफेच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास लावायला. क्लास सुटला की पाणी प्यायला माठाकडे यायची. पहिल्या दिवशी ती ग्लास हातात धरून आमच्या मागे उभी राहिली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "हा पांढऱ्या कोटातला कोण?"

"टार्गेट," समीर म्हणाला.

"कसलं टार्गेट! नवरदेव हाय तो. बघ की, मागंपुढं वऱ्हाडी, दारात गाडी, आन् तोंडावर बारा वाजलेले."

सगळं तळघर हसलं. त्या दिवसापासून टार्गेट हा शब्द आमच्याकडे कुणी वापरला नाही. नवरदेव गच्चीवर. नवरदेव जिन्यात. वऱ्हाडी आले रे.

चौथी जागा आमच्याकडे रिकामीच असायची, ती येऊन बसली. नेम मात्र भयंकर. तिच्या गोळ्या भिंतीत, खांबात, एकदा सबंध झुंबर खाली.

"ताई, झुंबरानं काय वाकडं केलंय तुझं?" पप्पूनं विचारलं. खाण्याव्यतिरिक्तचं त्याचं हे पहिलंच वाक्य असावं.

"वरपक्षाचं झुंबर हाय ते. राहू देणार नाय."

मग एका दुपारी गोळ्या संपल्या म्हणून ती नुसती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. या खेळात पळणाऱ्याला आपल्यातल्या कुणाला ढकलून जाता येत नसे. नवरदेव धावत आला, तिच्यासमोर थबकला, मागे वळला, पुन्हा आला, पुन्हा थबकला. बँड थांबल्यावर नवरदेव जसा इकडेतिकडे बघतो, अगदी तसा. समीरनं निवांत नेम धरला.

"हे तुला कसं सुचलं?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात? भावाच्या लग्नात दार धरलं होतं ना मी."

दार धरणं आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. नवरानवरी घरी येतात, नवऱ्याची बहीण उंबऱ्यात आडवी उभी राहते, मागणी मागते, कबूल केल्याशिवाय आत घेत नाही. बहुतेक ठिकाणी आता साडी, अंगठी, थोडी चेष्टामस्करी, आणि झालं. रेखानं काय मागितलं ते तिनं मला रसवंतीच्या बाकावर बसून सांगितलं. घुंगरू वाजत होते आणि तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"मी म्हटलं, वहिनीचं कॉलेज बंद करायचं नाय. दादा म्हणला, नंतर बघू. मी म्हटलं, मंग नंतर या आत. नवरानवरी उन्हात उभे. आत्याबाई चिडल्या. आण्णा म्हणले, पोरी, शोभा करू नको. मी हलले नाय."

"मग?"

"मंग काय, म्हणला कबूल. सगळे ऐकत व्हते ना दारात. घरात मागितलं असतं तर घरातच जिरलं असतं."

वहिनी आता शिकते का, हे मी विचारलं. "शिकती ना. जाती रोज. आत्याबाई अजून माझ्याशी बोलत नाय, पण वहिनी जाती."

मी तेव्हाही पत्रकं वाटायचे. घोषणा पाठ होत्या मला. रेखा मला 'पत्रकबाई' म्हणायची, कारण मी साधं पाणी मागितलं तरी त्यात दोन मुद्दे असायचे. पण मागणी कुठे उभं राहून मागावी, हे मला कुठल्या शिबिरात कुणी इतकं सरळ सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही हरायचं जवळपास थांबलो. मी गच्चीसमोरच्या टाकीवर चढून डोळा ठेवायचे. पप्पू फाटकापाशी गोंधळ घालायचा. रेखा मागच्या दारात. समीर गोळी मारायचा आणि घंटा वाजवायचा. कधी पप्पू वाजवायचा, दोनतीनदा मीही वाजवली. रेखानं एकदाही नाही. वऱ्हाडी तिला बरेचदा मारून टाकायचे, कारण दारात उभा माणूस लपणार कुठे? ती मरायची, पण नवरदेव तेवढ्यात अडकलेला असायचा. तिच्या नावापुढे तक्त्यात पूज्य.

आता या पूज्याचं पुढे काय होत गेलं ते नीट बघा.

कॅफेत बॅटरीवर चालणारी मशीनं मोजकी होती, आणि शेठचा नियम होता, घंटावाल्याला बॅटरीचं मशीन. बाकीच्यांनी साध्या मशीनवर बसायचं, वीज गेली की हात चोळायचे. त्यामुळे रेखा कायम जिन्याजवळच्या साध्या मशीनवर. एका दुपारी ऐन डावात पंखा थांबला, वरून "गेली!" असा आवाज आला आणि तिचा पडदा काळा झाला. आमची मशीनं चालू राहिली. आणि आमच्या पडद्यांवर रेखाचा शिपाई मागच्या दारात तसाच उभा होता. एखाद्याचं मशीन बंद पडलं तर खेळ त्याला लगेच काढून टाकत नसे, थोडा वेळ वाट बघायचा. तेवढ्या वेळात नवरदेव धावत आला आणि त्या न हलणाऱ्या शिपायापुढे थबकला.

अंधारातून रेखाचा आवाज आला, "मुक्ते, मेले का मी?"

"नाही गं," मी म्हटलं. "उभी आहेस."

"मंग ठीक हाय."

समीरनं गोळी मारली. घंटा वाजली. आमच्या पडद्यांवर हिरवी ओळ आली. खेळानं ती तिच्यासाठीही पाठवली असणार, पण तिच्या पडद्याला वीज नव्हती. ती काळ्या काचेकडे बघून टाळ्या वाजवत होती.

त्याच दिवशी मी नंदूशेठकडे गेले.

"शेठ, रेखाला बॅटरीचं मशीन द्या."

"तिनं घंटा वाजवलीय का कधी?"

"साध्या मशीनवर बसून घंटा कशी वाजवणार?"

"मग घंटा न वाजवता बॅटरीचं मशीन कसं देणार?" तो हसत म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आपण उत्तर दिलं.

पुढे कचेऱ्यांमध्ये निरनिराळ्या टेबलांपलीकडून मी हेच उत्तर ऐकलं. रेशनकार्डाला पत्त्याचा पुरावा पाहिजे, पत्त्याच्या पुराव्याला रेशनकार्ड पाहिजे. तिथे मला राग यायला वेळ लागला नाही. सराव तळघरात झाला होता.

मेच्या शेवटच्या रविवारी सातपूरच्या कॅफेशी सामना ठरला. तोच नकाशा, तोच नवरदेव. आधी आम्ही खेळायचं, मग ते. रेखा आदल्या दिवशी नांदगावला गेली होती. चुलतबहिणीची हळद होती. ती हळद अर्धी टाकून रविवारी सकाळच्या एसटीनं परत आली. जिना उतरली तेव्हा तिच्या हातांना पिवळा रंग होता आणि केसांना चप्प तेल. "बहीण रुसली," म्हणाली. "म्हटलं, तुझ्या नवरदेवाला संध्याकाळी बघते, आधी माझा नवरदेव."

सातपूरची पोरं पहिली पाळी आटोपून दोन मोटारसायकलींवर आली होती. एकाच्या अंगात अजून कारखान्याचा निळा शर्ट. नंदूशेठनं टेबलावर हात आपटून शांतता केली आणि आमच्या बाजूची नावं वाचली. "समीर, पप्पू, मुक्ता आणि अभिजित."

अभिजित शेठचा मामेभाऊ, पुण्याला इंजिनियरिंगला, सुट्टीला आलेला. नेम चांगला होता त्याचा, नाही म्हणत नाही. चार दिवसांत घंटेची दोरी झिजवली होती.

"शेठ, माझं नाव राह्यलं," रेखा म्हणाली.

"राहिलं नाही. घेतलं नाही."

"का?"

"तू एकदा तरी नवरदेव पाडलास का?"

"नाय. पण तो एकदा तरी माझ्यासमोरून गेला का?"

लोक हसले. त्या क्षणी ते तिच्या बाजूनं हसले होते, हे मला पक्कं आठवतं. नंदूशेठचे कान लाल झाले. "इथं घंटा बघतात," तो म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हटलं, ती नाही तर मी बसत नाही. रेखानंच मला खांद्याला धरून खाली बसवलं. "तू बस, पत्रकबाई. दोघी उठलो तर दार काय असतं हे सांगायला आत राहणार कोण?"

डाव सुरू झाला. अभिजित पुढच्या अंगणात शिरला आणि वऱ्हाडी पाडत सुटला. एक, आणखी एक, पायऱ्यांवरचे, खांबामागचे. लोक टाळ्या पिटत होते. मी टाकीवरून ओरडत होते, "नवरदेव जिन्यात, अभिजित मागे जा, मागचं दार धर!" तो म्हणाला, "थांब गं, इथं भरपूर आहेत." खरंच होते. खेळ बनवणाऱ्यानं पुढच्या अंगणात भरपूर ठेवलेले असतात. तिथंच माणूस अडकावा म्हणूनच ठेवलेले असतात.

खुर्च्यांच्या मागून रेखाचा आवाज आला. "दार! आरं दार! मागं कुणीच नाय!"

सातपूरच्या एकानं हरकत घेतली असती तर मी समजू शकले असते. त्यांनी घेतली नाही. नंदूशेठनं घेतली. "बाहेरच्यांनी बोलायचं नाही. रेखा, वर जा."

"मी बोलत नाय, सांगतेय."

"वर जा म्हटलं ना!"

तिनं एकदा सगळ्यांकडे बघितलं. मघाशी तिच्या बाजूनं हसलेल्यांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. पडदा सोडून कुणी तिच्याकडे बघितलंही नाही. ती जिना चढून गेली. अन्याय म्हणते तो हा. नाव वगळलं तो अर्धाच. जिला रिकामं दार दिसत होतं, तिलाच उचलून दाराबाहेर घातलं, तेव्हा तो पुरा झाला.

मी टाकीवरून उतरून धावले. पोचले तेव्हा नवरदेवाची पाठ दिसली. गाडीचं दार लागलं, गाडी फाटकातून गेली. चारी पडद्यांवर लाल अक्षरं.

"पण मी एवढे मारले!" अभिजित तक्ता उघडून दाखवत होता.

"वऱ्हाडी मारलेस रे," पप्पू म्हणाला. "नवरदेव लग्नाला पोचला."

मग सातपूरची पोरं बसली. ती फार भारी खेळत होती असं नाही. पण निळ्या शर्टातला, संत्या नाव त्याचं, सुरुवातीलाच कोठीला वळसा घालून मागच्या दारात जाऊन उभा राहिला. वऱ्हाड्यांनी त्याला गाठून पाडला, पण त्याआधी नवरदेव येऊन अडकला होता, आणि वळून जिन्याकडे पळाला तो थेट दुसऱ्याच्या नेमात. हिरवी ओळ. चौघे उठले आणि चौघांनी एकदमच घंटेची दोरी धरली.

"ओ, ओ!" नंदूशेठ धावला. "एकानंच वाजवायची."

"कुणी एकानं?"

"ज्यानं मारला."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मस्करी चाललीय असंच त्यांना वाटलं. "चौघांनी मारला की," एक म्हणाला.

"अहो, हा तर मेला होता!" शेठनं संत्याकडे बोट दाखवलं.

"म्हणून काय झालं? मेल्यावर माझा संघ बदलतो का काय?" संत्या म्हणाला आणि त्यांनी दोरी ओढली. आठ हातांनी ओढलेली घंटा काही सुरात वाजत नाही. नुसता खणखणाट झाला, भांडी बाजारात माळा कोसळल्यासारखा.

तो आवाज वर रस्त्यापर्यंत गेला असणार. कारण जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि रेखा आत आली. चेहरा फुललेला, श्वास लागलेला. "जिंकलो? कुणी वाजवली, समीरनं?"

तिनं दोरीला लागलेले अनोळखी हात बघितले, आमचे चेहरे बघितले, आणि तिला कळलं. तिचं तोंड पडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बहिणीची हळद टाकून आलेली मुलगी. हातांचा पिवळा रंग अजून ओला वाटावा असा.

पण ती रेखा होती. तिनं सातपूरच्या चौघांना विचारलं, "तुमच्यात दार कुणी धरलं?"

खेळातला 'दार धरणं' हा शब्द आमच्या कॅफेतला. त्या अर्थानं त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. तरी तिघांनी लगेच संत्याकडे बघितलं.

"मी," संत्या म्हणाला. "पण मेलो."

"मी पण मरते," रेखा म्हणाली. मग वळून, "शेठ, ऐकलं का? दार धरणाऱ्यानं घंटा वाजवली."

शेठ काही बोलणार, एवढ्यात पंखा थांबला. "गेली!" वरून आवाज आला. अंधारात घंटा अजून हेलकावत होती, तिचा बारीक किणकिणाट ऐकू येत होता. रेखा त्याच अंधारात पायऱ्या चढून गेली. दुपारच्या एसटीनं नांदगाव गाठलं असावं तिनं. बहिणीचं लग्न तिला मिळालं, हे नंतर कळलं. कॅफेत ती पुन्हा उतरली नाही. मीही नाही.

यानंतर मला घंटा सगळीकडे ऐकू यायला लागली. गेल्या वर्षी आमच्या वस्तीच्या पाण्यासाठी आम्ही एका कचेरीवर मोर्चा नेला. तिथले साहेब मोर्चा आला की मागच्या दारानं निघून जायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून या वेळी लीलाबाई आणि तिच्या गल्लीतल्या बाया मागच्या दारात डबे सोडून बसल्या. घोषणा दिल्या नाहीत, भाकरी खाल्ली. साहेब मागे आले, बायांना बघून थबकले, वळले, पुन्हा आले. मी ते बघत होते आणि मला हसू आवरेना. शेवटी पुढच्या दारानं येऊन त्यांनी निवेदन घेतलं आणि लिहून दिलं. नळाला पाणी आलं.

विजयाचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे. निवेदन देणाऱ्यांची नावं एका चिठ्ठीवर आली. मी आमच्या भाऊंना, म्हणजे संघटनेच्या पुढाऱ्यांना विचारलं, "मागचं दार कुणी धरलं त्यांची नावं?"

"अगं, त्या बाया नुसत्या बसल्या होत्या," भाऊ म्हणाले.

नुसत्या बसल्या होत्या! नुसती उभी होती! तक्त्यात पूज्य! मी भाऊंना सांगितलं, ती नावं आधी, मग तुमचं, नाहीतर मजकूर दुसऱ्याकडून लिहून घ्या. बराच वाद झाला. नावं छापली गेली, लीलाबाईचं पहिलं. भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आत्याबाई सगळ्यांच्याच घरात असतात.

काल पत्रक आलं तसा रेखाला फोन लावला. ती आता नांदगावला सुट्टीत पोरींना कॉम्प्युटर शिकवते. मी मजकूर वाचून दाखवला. पलीकडे बँड वाजत होता, तिथंही लग्नच होतं.

"घंटा तीच?"

"तीच असणार."

"लय दिवस वाजली गं एकट्याएकट्यानं," ती म्हणाली. "येते मी रविवारी. पण खेळायला नाय."

म्हणून हे लिहिते आहे, आणि तुम्हाला उद्देशून लिहिते आहे. रविवारी तुम्ही खेळायला, नाहीतर बघायला, नाहीतर पोराला सोडायला त्या तळघराच्या जिन्यापाशी याल. जिन्याच्या वरच्या पायरीवर एका बाजूला मी असेन, दुसऱ्या बाजूला रेखा आहेर. आम्ही दार धरलेलं असेल. मागणी एकच आहे. घंटा वाजली तर चौघांच्या हातांनी वाजेल, आणि वाजायच्या आधी दार कुणी धरलं होतं त्याचं नाव मोठ्यानं घेतलं जाईल. मेलेला असला तरी. तक्त्यात पूज्य असलं तरी.

आत जायचंय ना? मग "नंतर बघू" म्हणू नका. कबूल म्हणा. इथं, दारात, मोठ्यानं. सगळे ऐकतायत.